हळदीत बुडवलेल्या सहा साड्या

आमच्या भजनी मंडळात तासभर भजन झालं की दोन तास गप्पा. अभंगाची ओळ एखादीला आठवत नाही, पण किस्सा मात्र सगळ्याजणींना पाठ! त्यात माझ्या साड्यांचे किस्से तर बायका अजून सांगायला लावतात.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. कापसावर फवारताना ह्यांना विषबाधा झाली. मी औंढ्याच्या नागनाथाला बोलले, "हे उठून बसू देत. सोळा सोमवार करीन, आणि उद्यापनाला मी न् पाच सवाष्णी विष न मारलेल्या कापसाच्याच साड्या नेसू."

हे उठले. सोमवारही पार पडत आले. साड्या काही मिळेनात!

*

वसमतच्या दुकानात विचारलं, "औषध न मारलेली साडी हाय का?"

दुकानदाराला रागच आला. "ताई, आमी तर झुरळासाठी बी औषध मारत न्हाई!"

*

शेवटी परभणीच्या प्रदर्शनात पाटी दिसली, 'ऑरगॅनिक साड्या'. मला तर देवच भेटला! आमच्या मंडळातल्या कुसुमवयनीनं मात्र घडी उचलून नाकाला लावली.

"शेणखताचा वास काहून येत न्हाई?"

स्टॉलवरची पोरगी म्हणाली, "मावशी, खत झाडाला घातलंय, साडीला नाही!"

*

घरी आणल्यावर सासूबाई म्हणाल्या, "शेळीपुढं धर. जित्राबाला इख बराबर कळतं."

सोबतचा ब्लाउजपीस धरला. शेळीनं तो अख्खा खाल्ला! मी आनंदानं हात जोडले.

तेवढ्यात सासूबाईच म्हणाल्या, "पर ही तर काल पेपर बी खाल्ली की गं!"

*

साड्या सगळ्या पांढऱ्या. सवाष्णीला पांढरं कसं नेसवायचं? आमच्या गल्लीतल्या सलमाआपा कपडे रंगवायच्या. त्यांनी कुरुंद्याची हळद मागवली आणि सहाही साड्या बुडवल्या. दोरीवर नुसतं ऊन वाळत घातल्यासारखं!

मी विचारलं, "आपा, रंग पक्का हाय ना?"

"बहन, वरणाचा डाग कधी पदरावरून गेला का? वही भरोसा!"

*

उद्यापनाचा आदला दिवस. सोवळ्याचं म्हणून मी माझी साडी धुण्याच्या सोड्यात भिजवली. घटकाभरानं बघते, तर पिवळी साडी लालेलाल!

नवसाला बोल लागला की काय! रडत रडत तशीच ओली साडी अंगणात पसरली.

कुसुमवयनी धावत आली. "रडून राहिली काहून?"

"वयनी, बघा ना! पाचजणी पिवळ्या, आणि माझीच अशी!"

वयनीनं साडीकडं बघितलं. बाजेवर बसून बशीतून चहा पिणाऱ्या ह्यांच्याकडं बघितलं. आणि मला जवळ घेऊन म्हणाली,

"येडे, हळद भिजवलीस, कुंकू झालं! आणखी काय मागितलं होतंस देवाला?"