कूलरवाल्याचं अपील

नागपुरात एप्रिल लागला की भलेभले साहेब कूलरवाल्याला फोन करून "भाऊ, आज येऊनच जा ना" अशी गळ घालतात. रुपराव असाच एक कूलरवाला. जुन्या मोपेडवर कूलरला लावायच्या खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या बांधून हुडकेश्वरहून सदरपर्यंत त्याच्या चकरा चालायच्या. संध्याकाळी घरी आला की अंगाला ओल्या खसचा वास यायचा. त्याच्या बायकोला, वंदनाला, तो वास इतका आवडायचा की "आधी आंघोळ करा" असं ती तोंडदेखलं म्हणायची आणि टॉवेल द्यायला मुद्दाम उशीर करायची.

हा रुपराव जबरी चोरीच्या गुन्ह्यात आत गेला.

झालं असं, सदरमध्ये एकट्या राहणाऱ्या सिंधूताई म्हणून एक म्हाताऱ्या बाई होत्या. रुपरावने त्यांच्या कूलरच्या ताट्या बदलून दिल्या. आठवडाही झाला नसेल, तोच भर दुपारी कोणीतरी त्यांच्या घरात घुसलं, त्यांना ढकलून दिलं आणि गळ्यातली पोत हिसकून पळालं. चोराच्या तोंडाला पांढरा दुपट्टा होता. आता मे महिन्याच्या उन्हात तोंडाला दुपट्टा न बांधता फिरणारा नागपूरकर मला कोणी दाखवावा. पण पोलिसांना नाव हवं होतं, आणि घरात नुकतंच कोण येऊन गेलं याचं उत्तर सोपं होतं. ओळख परेडमध्ये सिंधूताईंनी रांगेतल्या माणसांतून बरोबर रुपरावकडे बोट दाखवलं. घरझडतीत पोत सापडली नाही. दुपट्टा तेवढा सापडला, वंदनानेच धुऊन घडी घालून ठेवलेला.

सिंधूताई खोटं बोलल्या नव्हत्या, हीच तर खरी पंचाईत. तो चेहरा त्यांनी पाहिलाच होता. काम झाल्यावर त्यांनी रुपरावला गूळपाणी दिलं होतं. वडीलधाऱ्या बाईच्या हातचं पाणी तोंड बांधून कसं घ्यायचं? म्हणून त्याने दुपट्टा सोडला, पाणी प्यायला, त्यांच्या गुडघेदुखीची चौकशी केली. हा माणूस जरा उद्धट असता तर आज घरी असता, असं वंदनाच्या मनात यायचं. मग तिला स्वतःचाच राग यायचा, कारण उद्धट रुपराव तिला नकोच होता.

त्यात पहिल्या वकिलाने पढवून ठेवलं, कोर्टाने काहीही विचारलं तरी 'माहीत नाही' म्हणायचं. रुपराव आज्ञाधारक. तुम्ही त्या घरात गेलात का, पोत हिसकली का, सगळ्याला त्याचं एकच उत्तर, माहीत नाही. शिक्षा झाली.

अपील हायकोर्टात दाखल झालं आणि तिथेच पडून राहिलं. उन्हाळ्यामागून उन्हाळे गेले. वंदना बुटीबोरीच्या कापड कारखान्यात कामाला लागली. घरचा कूलर तिने एकदाही लावला नाही. शेजारीण म्हणायची, "अवं, भाजून निघशील, लाव ना." ही म्हणायची, "पंखा पुरते मले." पंखा कसला पुरतो! पण शेजारचा कूलर सुरू झाला की ओल्या खसचा वास भिंतीवरून यायचा आणि ती हातातलं काम टाकून दारात उभी राहायची. वास येत असेपर्यंत वाटायचं, आता मोपेड वळेल. थोड्या वेळाने नाकाला सवय व्हायची, वास जाणवेनासा व्हायचा आणि तिचा जीव तळमळायचा.

जेलात मुलाखतीला ती न चुकता जायची. काचेपलीकडे तो, दोघांच्या कानाला फोन. "जेवता ना?" "जेवतो. काजल अभ्यास करते ना?" "करते." काजल त्यांची मुलगी. त्या चोरीचं नावही काढायचं नाही, असं वंदनाने ठरवून टाकलं होतं. दुखऱ्या जागेला कशाला हात लावायचा?

शेवटी मोफत विधी सेवेतून मिनल नावाची तरुण वकील मिळाली. तिने वंदनाला समोर बसवून समजावलं, "ताई, बाईंनी यांना आधी उघड्या तोंडाने पाहिलं होतं. मग परेडमध्ये ओळखलं यात नवल काय? पोत मिळाली नाही, दुसरा साक्षीदार नाही. एवढ्यावर माणसाला आत ठेवता येत नाही." हेच तिने हायकोर्टात मांडलं. चोराचं तोंड बांधलेलं होतं तर ओळखलं कशावरून, असं न्यायमूर्तींनी विचारलं. सरकारी वकील म्हणाले, डोळ्यांवरून. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं.

"सुटले, ताई," निकालाच्या दिवशी मिनल म्हणाली.

वंदनाने डोळ्यांना पदर लावला. मग विचारलं, "कोर्ट काय म्हनलं, मॅडम? यायनं केलं नाई, असं म्हनलं?"

"पुरावा पुरेसा नाही म्हणालं."

"म्हंजे केलं नाई, असं नाई म्हनलं."

"कोर्ट तेवढंच म्हणतं, ताई," मिनल हळू आवाजात म्हणाली.

कागद जेलात पोचले आणि रुपराव बाहेर आला. हडकला होता, कपड्यांना फिनाइलचा वास येत होता. ऑटोत ती त्याच्या शेजारी बसली. ज्या खांद्यासाठी ती इतकी वर्षं झुरली तो अगदी जवळ होता आणि तिला त्यावर डोकं टेकवता येईना.

सिग्नलला ऑटो थांबला तेव्हा तो म्हणाला, "तू मले एकदाबी विचारलं नाई."

"काय?"

"म्या केलं का म्हनून."

"काहून विचारू? मले मालूम होतं."

"तुले मालूम आहे, हे मले कसं मालूम?" तो बाहेर बघत होता. "दर मुलाखतीले वाटे, आज तू विचारशीन. तू जेवनाचंच विचारे. मले वाटलं, हिले विचाराचं भेव वाटते."

आपण त्याला जपतोय असं वंदना समजत राहिली, आणि तो तिकडे एका प्रश्नासाठी आसुसून बसला होता. ती त्याच्याकडे वळली.

"तुमी हिसकली का जी ती पोत?"

"नाई वं," रुपराव म्हणाला. "म्या नाई हिसकली."

त्याने तिचा हात धरला.

"अजून एकदा विचार," तो म्हणाला.

तिने विचारलं.