सेल्सोने दिलेले ब्रेक

अबुंदियो ओल्वेरा शाळेत माझा विद्यार्थी होता तेव्हा त्याच्या वहीत खाडाखोड फार असे. चुकलेलं उत्तर तर तो खोडायचाच, पण बरोबर आलेलंही एकदा खोडून पुन्हा लिहायचा. आता तो बावन्न वर्षांचा आहे, लेथवर काम करतो, आणि कुआउतेपेकच्या चढावर माझ्या घरापासून तीन वळणं वर राहतो.

तीन वर्षं तो एक जुनी वोचो नव्याने बांधत होता. गोल पाठीची, मागे इंजिन असलेली ही गाडीच आमच्या टेकडीवर टिकते. बाकीच्या धापा टाकतात. इंजिन त्याने आधीपेक्षा दांडगं बसवलं, आणि मग ब्रेकचा प्रश्न उभा राहिला. या गाडीचे मूळचे ड्रम ब्रेक लांब उतारावर तापतात, आणि तापले की पकडत नाहीत. हे अबुंदियोला कोणी सांगायला नको होतं. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या आधीच्या वोचोचे ब्रेक असेच गेले, गाडी भिंतीवर आदळली आणि आत बसलेल्या सेल्सोच्या आईचा पाय मोडला.

सेल्सो त्याचा कंपाद्रे, म्हणजे त्याच्या मुलीचा धर्मबाप. हे नातं आमच्याकडे सख्ख्या भावापेक्षा जड. त्या अपघाताबद्दल सेल्सोने कधी चकार शब्द काढला नाही.

आमच्याकडे लग्नात केकचा धर्मबाप वेगळा, अंगठ्यांचा वेगळा. ज्याने जे आणून दिलं, त्याचा तो धर्मबाप. नव्या गाडीलाही तसंच. गाडीवाल्यांचा संत सान क्रिस्तोबाल, त्याच्या सणाला फादर गाड्यांवर पवित्र पाणी शिंपडतात, तेव्हा हे सगळे जण गाडीशेजारी ताठ उभे असतात. सीटची कव्हरं मेहुणीने दिली, रंग शेजाऱ्याने दिला.

"ब्रेक माझे," सेल्सो म्हणाला. "त्यात कोणी मध्ये यायचं नाही."

अबुंदियोच्या मनात पुढे डिस्क आणि मागे चांगल्या प्रतीचे ड्रम असं होतं. सेल्सोने आणली ती चारही चाकांची डिस्क, भोकं पाडलेली, आणि ती चिमटीत धरणारे कॅलिपर लालभडक. खोकं उघडताना त्याचा चेहरा इतका फुलला होता की अबुंदियोने नुसती मिठी मारली.

पुढची दोन बसवली. ब्रेकवर पाय ठेवताना असा भरवसा त्याला कधी वाटला नव्हता. मग मागची हातात घेतली, आणि तो दोन दिवस कोणाशी धड बोलला नाही.

"तोंड का पाडलंय?" त्याची बायको ओफेलियाने विचारलं.

"मागच्या कॅलिपरला हँडब्रेकची तार अडकवायला जागाच नाही."

"मग?"

"मग गाडी उभी केली की चाकाखाली दगड."

"या चढावर? शाळेच्या दारात गाडी उभी करणार आणि भरवसा दगडावर?"

"सणापुरतं लावतो. नंतर काढीन."

"म्हणजे सणाच्या दिवशी गाडी देव धरून ठेवणार?"

संध्याकाळी त्याने मागची दोन पुन्हा खोक्यात घातली आणि सेल्सोकडे गेला. सेल्सो दारातच बसला होता.

"कंपाद्रे, पुढची फार छान लागली. मागची तेवढी बदलून मिळतील का? हँडब्रेकवाली?"

"दुकानदार म्हणाला, याच्यापेक्षा भारी नाही."

"भारी आहेतच. पण तो सपाटीवर राहणारा माणूस."

"आणि मी? मी कुठे राहतो?" सेल्सो उठला. "आईच्या पायाचं मी कधी तोंडातून काढलं का? अकरा वर्षांत एकदा तरी? आणि आज तुम्ही मला ब्रेक शिकवायला आलात!"

"तुमच्या आईसाठीच म्हणतोय, कंपाद्रे."

"तिचं नाव घेऊ नका. आणि ते खोकं इथे ठेवू नका. दिलेलं मी परत घेत नाही."

अबुंदियो खोकं तसंच घेऊन माझ्या दारावरून वर गेला. मी हाक मारली, त्याने हात वर केला, थांबला नाही. मागच्या चाकांना त्याने हँडब्रेकची तार अडकवता येणारे नवे ड्रम बसवले.

सणाच्या सकाळी वोचो चर्चसमोर रांगेत होती. मेहुणी उभी राहिली, शेजारी उभा राहिला. फादर आले तरी सेल्सोचा पत्ता नव्हता.

"मी उभा राहू का त्याच्या जागी?" शेजारी म्हणाला.

"नको," अबुंदियो म्हणाला. "ती जागा राहू दे."

फादरनी थोडी वाट पाहिली आणि पाणी शिंपडलं. परत येताना सगळा उतार गाडी शहाण्यासारखी उतरली. चौथ्या वळणावर समोरून ट्रक आला, तिथेही ती जागच्या जागी थांबली. ओफेलियाने डॅशबोर्डवरचा हात काढला.

दुपारी ओफेलियाने मोले, म्हणजे मिरच्यांचा दाट रस्सा, आणि भाताचं ताट भरलं आणि अबुंदियो ते घेऊन सेल्सोच्या दारात गेला. सेल्सोने ताट घेतलं, "आभार" म्हणाला, आत या म्हणाला नाही. आमच्याकडे ताट रिकामं परत पाठवत नाहीत. काहीतरी घालून, दोन शब्द बोलून ते स्वतः नेऊन द्यायचं असतं.

त्याला आता पाच आठवडे झाले, ताट अजून आलेलं नाही. ओफेलिया म्हणते, एक ताट गेलं तर काय बिघडतं. मागची दोन लाल कॅलिपर अबुंदियोने फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली आहेत, आणि रविवारी दुपारी तो दार उघडं ठेवूनच जेवायला बसतो.