सिक्स्टनच्या गाडीतला आवाज

हेब्बर्सेले आणि आसपासच्या गावांत कोणाची गाडी कुरकुरायला लागली, की लोक गॅरेजला नव्हे, सिक्स्टन नोर्लुंडला फोन करतात. आवाज तोंडाने काढून दाखवायचा असतो. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी एकदा किराणा दुकानातून फोन लावून "ग्र्र-टक, ग्र्र-टक" असं दोन मिनिटं केलं, तेव्हा मागे रांगेत उभ्या असलेल्या कोणालाही त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. सिक्स्टन ऐकून घेतो, मग विचारतो, "शेवटचा हात कशाला लावलास?" आणखी एक-दोन प्रश्न होतात आणि उत्तर मिळतं: डावं पुढचं बेअरिंग. अडतीस वर्षं लाकूड गिरणीत करवतींची देखभाल केलेला हा माणूस आता सदुसष्ट वर्षांचा आहे. त्याचा अंदाज कधी चुकलेला नाही, असं निदान तो तरी सांगतो.

ऑगस्टच्या शेवटी त्याने स्वतःच्या गाडीचा गिअरबॉक्स बदलला. गाडी बत्तीस वर्षांची स्टेशन वॅगन. तिसऱ्या गिअरमध्ये ती दोन वर्षं रडत होती. भंगारातल्या तशाच एका गाडीचा गिअरबॉक्स त्याने आणला आणि अंगणातल्या शेडमध्ये, एकट्याने, चार दिवसांत बसवला. पाचव्या दिवशी फेरफटका मारला. तिसरा गिअर लोण्यासारखा पडला. सिक्स्टन खूश झाला आणि साठचा वेग गाठेपर्यंत खूशच होता. साठला गाडीच्या पोटातून "उं-उं-उं" असा घुमणारा आवाज सुरू झाला आणि पायाखालचा पत्रा थरथरू लागला. पन्नासच्या खाली आला की सगळं शांत.

एरवी त्याने ते आठवडाभर चघळलं असतं. पण सप्टेंबरचा पहिला सोमवार सहा दिवसांवर होता, म्हणजे मूस हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. गेली बावीस वर्षं चार शिकारी आणि दोन कुत्रे पहाटे सिक्स्टनच्या गाडीतून जंगलातल्या आपापल्या जागी जातात. शिकारीच्या टोळीची प्रमुख माय-ब्रिट. ती एरवी टपाल वाटते, त्यामुळे गावातल्या प्रत्येकाचं काय चाललंय ते तिला ठाऊक असतं. कोणी कुठे बसायचं आणि कोणाच्या गाडीतून जायचं, हे तीच ठरवते. यंदा टोळीतल्या टोर्डने विजेवर चालणारी गाडी घेतली होती.

"माझी गाडी आहे हं, लागली तर," टोर्ड कुंपणापाशी येऊन म्हणाला. "आवाज म्हणून नाही. तिला गिअरबॉक्सच नाही."

"मग रविवारी दुरुस्त काय करतोस?" सिक्स्टनने विचारलं.

"बसतो."

"दिसतंय ते पोटाकडे बघून."

आमच्याकडे दुसऱ्याच्या शेडमध्ये न विचारता सल्ला देत नाहीत. कोणी छपराला उलटी शिडी लावली तरी लोक येतात, बघतात, कॉफी पितात आणि हवेविषयी बोलून जातात. विचारलं तर मात्र दुपारभर सांगतील. त्या आठवड्यात सिक्स्टनकडे अकरा जण कॉफीला आले. त्यातल्या निदान तिघांना दुखणं रस्त्यावरूनच कळलं होतं. ते गाडीखाली वाकून बघत, "हो" म्हणण्याची आमची जी रीत आहे त्याप्रमाणे श्वास सुर्रकन आत ओढत, आणि इथल्या पद्धतीने कॉफीत बुडवलेलं चीज चमच्याने काढून खात. सिक्स्टनने कोणालाही विचारलं नाही.

"विचार की एखाद्याला," त्याची बायको गुनवोर म्हणाली.

"कोणाला? लोक मला विचारतात."

"म्हणूनच म्हणते. त्यांनाही कधीतरी उत्तर द्यावंसं वाटत असेल."

सिक्स्टनने शेवटचा हात गिअरबॉक्सला लावला होता, म्हणून दोष गिअरबॉक्सचा, अशी त्याने खूणगाठ बांधली होती. त्याने तेल बदललं. गिअरबॉक्सखालचा रबर बदलला. गुरुवारी अख्खा गिअरबॉक्स पुन्हा खाली उतरवून बेअरिंगं हाताने फिरवून पाहिली आणि पुन्हा चढवला. शुक्रवारी सकाळी साठच्या वेगाला गाडी "उं-उं-उं" म्हणाली. शनिवारी दुपारपर्यंत गाड्यांचं कळवायचं, असं माय-ब्रिटने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

शुक्रवारी दुपारी तिचाच फोन आला. सिक्स्टन सावध आवाजात म्हणाला, "अजून शनिवार उजाडायचाय."

"ते नाही रे. माझा मावसभाऊ आहे ना, किनाऱ्याकडचा. त्याच्या गाडीतून आवाज येतोय." आणि टपालाची गाडी रस्त्याकडेला उभी करून तिने "उं-उं-उं" असा आवाज काढला, चांगला पोटातून.

"किती वेगाला?"

"साठ-सत्तरला."

"शेवटचा हात कशाला लावला?"

"क्लच बदलला म्हणे."

"क्लच दाबला की आवाज जातो?"

"नाही जात."

"उतारावर न्यूट्रल केली तर?"

"तरी तस्साच."

"मग क्लचचा काय संबंध?" सिक्स्टनला आता सूर सापडला होता. "इंजिन सुटलं, गिअर सुटला, तरी आवाज आहे. म्हणजे त्याच्या मागचं बघायचं. मागच्या चाकांकडे जाणारा दांडा, प्रोपेलर शाफ्ट, दोन तुकड्यांचा असतो. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे तो सोडवावा लागतो. तुकडे सुटे झाले आणि जोडताना खाच चुकली, की दोन्हीकडच्या सांध्यांचे क्रॉस एका रेषेत राहत नाहीत. मग घुमणारच. बावळट आहे तुझा भाऊ."

"तसा चांगला आहे," माय-ब्रिट म्हणाली. "जरा हट्टी आहे."

"सोडवण्याआधी दोन्ही तुकड्यांवर एक खूण करायची. शाळेतलं पोरसुद्धा..."

इथे तो थांबला. गुनवोर सांगते, ती बटाटे सोलत होती आणि फोनमधून माय-ब्रिटच्या गाडीचा इंडिकेटर टिकटिकताना तिला ऐकू येत होता, इतकी शांतता पसरली.

"सांगते त्याला," माय-ब्रिट म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

माय-ब्रिटला मावसभाऊ नाही, हे सिक्स्टनला माहीत असणारच. तिची आई एकुलती एक होती, आणि तिची शवपेटी उचलणाऱ्यांत सिक्स्टन स्वतः होता.  त्याने कामाचे कपडे चढवले आणि तो शेडमध्ये गेला. दोन तासांनी जेवायला आला, तीन बटाटे जास्त खाल्ले. शनिवारी सकाळी गाडी गिरणीपर्यंत जाऊन आली. साठ, सत्तर, सरळ रस्त्यावर नव्वद. अकरा वाजता त्याने माय-ब्रिटला कळवलं, की त्याची गाडी नेहमीप्रमाणे येईल. "नेहमीप्रमाणे" हा शब्द त्याचाच.

सोमवारी पहाटे साडेपाचला चौघं निघाले. चाक सिक्स्टनच्या हाती, शेजारी माय-ब्रिट. मागे टोर्ड आणि एक अबोल शेतकरी, त्यांच्या मागे कुत्रे. डांबरी रस्त्यावर काटा पासष्टला गेला. सगळे कान देऊन बसले होते आणि ऐकू येत होतं ते फक्त कुत्र्यांचं धापा टाकणं.

"माझ्या भावाची गाडी सुधारली," माय-ब्रिट म्हणाली.

"बरं झालं." सिक्स्टनची नजर रस्त्यावर होती. वळण घेता घेता तो म्हणाला, "खूण त्याने केली असणार, असं मला वाटतं. खडूने. मग जोडायच्या आधी शाफ्ट डिझेलने घासून स्वच्छ धुतला असेल."

"असं होय."

"स्वच्छतेची आवड असते काहींना."

टोर्ड खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर दाट धुकं होतं, तरी त्याला बरंच काही दिसत असावं, कारण त्याचे खांदे हलत होते. जंगलाच्या कच्च्या वाटेवर पहिली जागा त्याचीच होती. सिक्स्टनने गाडी थांबवली. टोर्ड बंदूक आणि थर्मास घेऊन उतरला.

"चारला इथेच उभा राहा," सिक्स्टनने त्याला सांगितलं. "नाहीतर चालत ये."