आखितीच्या घागरी

त्या वर्षी मी देवाशी अबोला धरला होता. आता वय झालं, लपवून काय करू? देवळीतल्या गणपतीपुढचा दिवा मी बंद केला होता. नुसता बंद केला नव्हता, तर तोंडावर सुनावलं होतं, "सुपाएवढे कान हायेत तुला, पण ऐकू काडीचं येत न्हाई." मालक नऊ दिवस तापानं फणफणत होते, तेव्हा मी अनवाणी लिंबागणेशच्या गणपतीला जाऊन आले होते. तळपायाला फोड आले. घरी परतले आणि दुसऱ्या दिवशी मालक गेले. मग कसला दिवा आणि कसली वात!

आम्ही जातीनं कुंभार. निजामाचं राज्य होतं, पण आमचं राज्य म्हणजे एक चाक, चार गाढवं, दोन लहान लेकी आणि अंगणातली भट्टी. मालक तांबडं फुटायच्या आत तळ्याची माती गाढवांवर लादून आणायचे, ती कुटायचे, चाळायचे, राख आणि लीद घालून तुडवायचे आणि दिवस मावळेपर्यंत चाकावर बसायचे. असा राबणारा माणूस मी पाहिला नाही. पण गप्प राबणं त्यांना ठाऊकच नव्हतं. एवढ्याशा लेकींना रांजणात बसवून, "घ्या हो, पोरी घ्या, मापाला दोन!" असं अख्ख्या गल्लीत ओरडायचे. एकदा गिरदावर साहेब जमिनी बघायला आले, तेव्हा ह्यांनी त्यांची उर्दू आणि त्यांची पोट पुढं काढून चालायची तऱ्हा हुबेहूब करून दाखवली. साहेब मागंच उभे! माझं तर पाणी पाणी झालं. पण साहेबच इतके हसले की टोपी खाली पडली. मी करवादायचे, "कामात ध्यान ठेवा, वेळ कावून घालवता?" तर म्हणायचे, "हसतो तेवढाच तर दम खातो की, कारभारनी." माझा स्वभाव तापट. त्यांच्या हसण्यावर मी आयुष्यभर चिडले. आज त्याचंच वाईट वाटतं.

आमच्याकडं अक्षय्यतृतीयेला, म्हणजे आखितीला, घरोघर पितरांच्या नावानं मातीची कोरी घागर पाण्यानं भरून पुजतात. गेलेल्या माणसांना उन्हाळ्यात तहान लागते, अशी समजूत. गावाच्या साऱ्या घागरी आमच्या घरून जायच्या. त्या घडवताना मालकांची एक रीत होती, ती त्यांच्या वडलांपासून आलेली. ज्या घरची घागर, त्या घरच्या गेलेल्या माणसाचं नाव मोठ्यानं घेऊनच गोळा चाकावर ठेवायचा. वडील नुसतं नाव घ्यायचे. आमचे मालक मेलेल्यांशी गप्पाच मारायचे, वर थट्टाही करायचे. मला ते बिलकूल आवडायचं नाही. "मेल्या माणसाला हसू नये," म्हणून मी दरवर्षी भांडायचे.

माघात मालक गेले. चैत्र निम्मा सरला, तसा पाटील दारात आला. वाईट माणूस नव्हता तो, पण त्याच्याही गळ्यात गाव होतं. म्हणाला, "बाई, तुझं दुःख मला कळतंय. पण गावाचे पितर तहानलेले ठेवता येत न्हाईत. आठ दिवसांत चाक फिरलं न्हाई तर पालीच्या कुंभाराला सांगावा धाडावा लागंल. अन् एकदा त्यानं घागरी घातल्या, की गावाचं बलुतं त्याचं." गावाला मडकी पुरवायची आणि खळ्यावरून वर्षाचं धान्य आणायचं, हे आमचं बलुतं. ते गेलं म्हणजे दोन लेकींना घेऊन परगावी मोलानं जायचं, एवढंच उरत होतं. चाकावर बाईनं बसायचं नाही, ही जातीची रीत. मला दीर नाही. माहेरी भाऊ होता, पण तो त्याच्या गावच्या घागरींत बुडालेला. आखितीच्या तोंडावर कोणता कुंभार रिकामा असतो?

त्या दिवशी दुपारी ऊन नुसतं भाजत होतं. मी कोपऱ्यातल्या मातीवर पाणी शिंपडत होते. मालकांनी आजारी पडायच्या आधी तुडवून ठेवलेली ती शेवटची माती. ती वाळू द्यायला माझा जीव होत नव्हता, म्हणून रोज ओलं पोतं टाकत होते. तेवढ्यात दारात एक म्हातारा उभा. धोतर गुडघ्यापर्यंत, हातात काठी, खांद्यावर घोंगडी. पाणी मागितलं. चाकाकडं बघून म्हणाला, "कुंभाराचं घर अन् चाकावर धूळ? कावून ग, बाई?"

मी तुटूनच पडले. "फिरवणारा गेला म्हणून! पाणी प्या अन् वाटंला लागा."

म्हातारा वाटेला लागला नाही. पाणी प्याला, पोतं उचललं, चिमूटभर माती बोटांत मळून पाहिली. "चांगली तुडवलीय. ह्यो माणूस कामाचा होता," म्हणाला. तो गंगथडीचा, म्हणजे गोदाकाठचा, कुंभार होता. पोरांनी चाक हाती घेतलं होतं आणि म्हाताऱ्याला ओसरीवर बसवून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी संकष्टी होती, म्हणून लिंबागणेशला निघाला होता. मालकांची ती तारीफ ऐकून मला रडू फुटलं होतं. काय काय बोलले ते आठवत नाही, पण पाटलाचं सगळं सांगितलं असावं. त्यानं काठी भिंतीला लावली, पदर खोचावा तसं धोतर खोचलं आणि चाक पुसायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच म्हटलं, "बाबा, माझ्यापायी तुमची चतुर्थी चुकंल." तर म्हणाला, "गणपतीला मला येवढंच सांगायचं व्हतं, की हात आजून चालतात, कायतरी काम दे. ते त्यानं वाटंतच ऐकलं. आता तिथं जाऊन त्याला काय तरास देऊ?" मी तर पायाला फोड येईतो चालून गेले होते. मी मातीवरचं पोतं काढलं.

म्हाताऱ्यानं पहिला गोळा हातात घेतला आणि विचारलं, "कुणाच्या घरचा? नाव सांग." त्याच्याकडंही तीच रीत! मी सांगायला लागले आणि मला आढळलं, की गावातल्या प्रत्येक घरचं गेलेलं माणूस मला पाठ आहे. नुसतं नाव नाही, तर मालक त्याला काय म्हणायचे तेही. पाटलाच्या आईच्या घागरीला ते म्हणायचे, "आत्याबाई, जन्मभर उपास केलेत, आता तरी पोटभर प्या." तेल्याच्या आज्याला म्हणायचे, "आज्या, पाणी हाय हे, तेल न्हाई. सांडलं तर शिव्या देऊ नका." सुताराच्या भावाला, "घागर नीट बसत न्हाई म्हणू नको, पाटाचा पाय तूच तिरपा केलाय." मी सांगत गेले, म्हातारा हसत गेला, घागरी उठत गेल्या. तिसऱ्या दिवशी सांगता सांगता मीच हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा. आणि तेव्हा कळलं, की माझा माणूस मेलेल्यांना हसत नव्हता. त्यांना घरातलं समजून बोलत होता. मी मात्र उगाच भांडत राहिले.

पाचव्या दिवशी माती सरत आली. एकच गोळा उरला. शेवटची घागर नेहमी आमच्या घरची असायची. मालक आपल्या वडलांचं नाव घेऊन ती घडवायचे. म्हाताऱ्यानं गोळा हातावर झेलला. "हा कुणाचा?"

ह्या वर्षी त्यावर मालकांचंच नाव घ्यायचं होतं. आमच्यात बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. त्याआधी नाही, त्यानंतर नाही. थोरलीला सांगायला लावता आलं असतं. पण जिभेवर नाव आलं ते परत गिळवेना. आणि खरं सांगायचं तर नाव घेतलं म्हणजे ते गेले हे कबूल करावं लागणार होतं. दोन महिने मी तेच कबूल करत नव्हते. म्हातारा गोळा हातावर थापटत राहिला. घाई केली नाही.

"रंगनाथ," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं.

म्हाताऱ्यानं गोळा चाकावर ठेवला, काठीनं चाक फिरवलं आणि एखाद्या दोस्ताला म्हणावं तसं म्हणाला, "रंगनाथा, लई राबलास बे. आता बस जरा, पानी पी."

मी तिथंच जमिनीवर बसले आणि पोटभर रडले. लेकी घाबरून जवळ आल्या, त्यांना कुशीत घेऊन रडले.

घागरी वाळल्या, भाजल्या. भट्टी उकलली तेव्हा एकही तडकलेली नव्हती. यात चमत्कार नाही, माती चांगली होती आणि हात जाणता होता. भट्टी उकलली त्याच सकाळी म्हातारा निघाला. भाकरी आणि कांदा घेतला, दुसरं काही घेईना. नाव विचारायचं माझ्या ध्यानातच आलं नाही, बघा. सगळ्या गावाची नावं सांगितली आणि त्याचंच विचारलं नाही! पुढं भावानं गंगथडीकडच्या तलवाड्याच्या बाजारात चौकशी केली, तर म्हणे काठी-घोंगडीवाले म्हातारे पन्नास आहेत, कोणता सांगू? मीही मग शोध सोडला.

गाढवांवर घागरी लादून मीच घरोघर गेले. पाटलानं घागर दोन्ही हातांनी घेतली आणि खळ्यावर यायला सांगितलं. पुढं थोरलीला घरजावई मिळाला, चाक घरातच राहिलं.

आखितीला मी रंगनाथांची घागर भरली आणि देवळीत दिवा लावला. माफी मागायला शब्द सुचेनात. लोक म्हणतात, आपण माती आणि देव कुंभार. म्हणू देत. मी कुंभारीण आहे, माती किती तुडवावी लागते ते मला कुणी सांगू नये. जे मागितलं ते मला मिळालं नाही, आणि त्याचं दुःख आजही आहे. पण जे मागायचं मला सुचलंसुद्धा नव्हतं, ते काठी टेकत दारात आलं, आणि मी त्याला वाटेला लाग म्हणत होते. त्यानं ऐकलं नाही, हे माझं नशीब. तेव्हापासून मी देवाकडं मागणं सोडलं. सकाळी दिवा लावते, रंगनाथांचं नाव घेते, आणि दारात कुणी आलं तर आधी आत बोलावते.