बसायचं तिकीट

"बिडी द्या त्याले, बिडी! दोन झुरके मारन तं दुखनं समजनार नाई," असं म्हणत सदाशिव मुकादमाने स्वतःच्या कानामागची बिडी काढली आणि टेबलावर पडलेल्या शालिकच्या ओठांना लावली.

"मी नाई पेत जी," शालिक कण्हत म्हणाला.

पितळेच्या पत्र्याने त्याचा तळहात चांगलाच चिरला होता. मी त्याचा हात उंच धरून जखमेवर गॉज दाबून उभी होते. रक्त थांबवायची रीत एवढीच. हात छातीच्या वर धरायचा, स्वच्छ कापडाने दाबायचं आणि दर मिनिटाला उघडून बघायचं नाही. त्यापूर्वी कोणीतरी प्रेमाने जखमेत हळद आणि चुना भरून ठेवला होता, तो धुऊन काढताना शालिकपेक्षा मलाच जास्त त्रास झाला. मुकादमाला मी बिडी खिशात ठेवायला लावली, कारण शेजारी स्पिरिटची बाटली उघडी होती. मग शालिकला जीपमध्ये बसवून टाके घालायला भंडाऱ्याला पाठवून दिलं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. शहापूरजवळ हायवेला लागून पितळी भांड्यांचा एक कारखाना होता. पितळ वितळवणं, पत्रा लाटणं, कापणं, ठोकणं, पॉलिश, सगळं एकाच टिनाच्या छपराखाली. मी तिथे नर्स होते. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत. बाकीचे दिवस दवाखाना म्हणजे मी, एक टेबल आणि एक कपाट. कामगार मला सिस्टरबाई म्हणत. मॅनेजर साहेब माघारी काय म्हणत ते मला ठाऊक होतं, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शालिक गेल्यावर मनात एक गोष्ट अडकून राहिली. त्याच्याआधी प्रेस मशीनवर ज्याचं बोट चेंगरलं, त्यालाही मुकादमाने अशीच बिडी देऊ केली होती. तोही म्हणाला होता, मी पीत नाही. त्याच्याआधी पॉलिशवाल्याचा अंगठा सोलला गेला, तोही न पिणारा. अख्खा कारखाना धूर काढतो आणि माझ्या टेबलावर नेमके निर्व्यसनी येऊन पडतात, हे काय गौडबंगाल? पण काम पुढ्यात होतं. योगायोग असेल म्हणून मी ते सोडून दिलं.

मग डोमाजीचं प्रकरण झालं.

डोमाजी भट्टीवाला. मूस म्हणजे पितळ वितळवायचं भांडं, ते लाल झालं की सांडशीने धरून साच्यात ओतायचं, हे त्याचं वर्षानुवर्षांचं काम. शालिकचा हात चिरला त्याच्या दोन-तीन महिने आधी एका दुपारी तो छाती धरून खाली बसला. दरदरून घाम फुटलेला, डावा हात आणि जबडा दुखत होता. लोकांनी सोडा पाजला, गॅस झाला म्हणून त्याला चालवायला निघाले. मी आडवी गेले. हार्टच्या दुखण्यात माणसाला एक पाऊलही चालवायचं नसतं. त्याला अर्धवट बसतं ठेवलं, भांडी भरलेला ट्रक रिकामा करायला लावला आणि गादी टाकून त्यावरून नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेला. ट्रक रिकामा करायला लावल्याचा राग मॅनेजर साहेबांना पुढे वर्षभर पुरला. डोमाजी मात्र वाचला.

नागपूरच्या डॉक्टरांनी त्याला स्पष्ट बजावलं. बिडी कायमची बंद. तेल-मीठ कमी. रोज सकाळी चालायचं. उष्णतेत सलग राबायचं नाही, मधूनमधून बसायचं. दुसरा झटका आला तर हातात काही उरणार नाही.

डोमाजीने ऐकलं. रोज पहाटे तलावाच्या पाळीवरून फेऱ्या मारू लागला. कामाशिवाय चालणारा माणूस गावाने पाहिला नव्हता. लोक विचारत, "काहून गा डोमाजी, बैल हरपला का?" तो म्हणे, "बैल नाई, जीव हरपला होता. सापडला, आता राखून राहिलो." त्याची बायको पार्बता वरणात मीठ घालताना हात आखडू लागली. महिन्याभराने तो कामावर परतला, तेव्हा मॅनेजरने त्याला भट्टीवरून काढून पत्रा कापायच्या कातरीवर दिलं. मी खूश होते.

आणि एका दुपारी दवाखान्याच्या खिडकीतून पाहते तर डोमाजी मोहाच्या झाडाखाली बसलेला आणि हातात धुमसती बिडी!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच तिथे जाऊन सगळ्यांसमोर त्याला झापला. त्याने बिडी विझवली, मान खाली घातली आणि आत कामावर गेला.

रविवारी मी त्याच्या घरी धडकले. पार्बता ओसरीवर सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत बसली होती. तेंदूचं पान कापायचं, त्यात तंबाखूचा चुरा भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा. आमच्या भागात अर्ध्या गावाच्या बायका हेच काम करत.

"घरात सूपभर तंबाखू, मग हा माणूस सोडेल कसा?" मी म्हणाले.

पार्बताने सूप बाजूला ठेवलं. "बाई, माह्यावर आळ नोका घेऊ. या सुपाले हात तं लावून दाखवाव त्यानं! घरी एक बिडी पेत नाई तो. तिथंच पेते. तिथं काहून पेते, ते तुमी इचारा. तुमीच तं राहता तिथं."

मी दाराशी उभ्या असलेल्या डोमाजीकडे पाहिलं. 

"सिस्टरबाई, ते बिडी नोहोय जी. बसाचं तिकीट होय."

"म्हणजे?"

"बिडी पेनाऱ्याले बाहेर बसू देतेत. नाई पेनाऱ्याले कोन बसू देते? मी दोन हप्ते बिनाबिडीचा गेलो झाडाखाली. मुकादम म्हणे, बिडी पेत नाईस, मंग बसतं कायले? चाल कामाले. एक दिवस कातरीवर डोळ्यांपुढं अंधार आला. मंग म्हणलं, पेटव बावा एक. निदान बूड तं टेकन."

ऐकून मी ओसरीच्या कडेला बसूनच राहिले. कारखान्यात आत पॅकिंगचा भुसा आणि रॉकेलचे डबे असत, म्हणून बिडी आत ओढायला बंदी. ओढायची तर झाडाखाली जायचं. आणि वितळलेल्या पितळेत पाण्याचा थेंब पडला तर स्फोट होतो, म्हणून पाण्याचे माठही त्याच झाडाखाली ठेवलेले. म्हणजे सावली, वारा, पाणी आणि बसणं, सगळं बिडीवाल्यांचं. जेवणाची सुट्टी सोडली तर न पिणाऱ्याला दिवसभर बसायला कारणच नव्हतं. दुपारी त्याचे डोळे मिटू लागत आणि हात मशीनखाली जाई. शालिकचा हात का चिरला ते मला आत्ता कळलं. बिडी ओढली तर काळीज जायचं, नाही ओढली तर बोट. इकडे आड, तिकडे विहीर.

"याले जगवाचं आहे मले," पार्बता म्हणाली. "काम सोडाले सांगू नोका. बसून राहिला तं तसाच मरन."

मी म्हटलं, उद्या मॅनेजरशी बोलते. पार्बता हसली. तिने बिडीच्या कंत्राटदाराने नापास केलेल्या पानांतलं एक उचललं, कापलं आणि तंबाखू न भरता नुसत्या पानाच्याच चुऱ्यावर वळलं. तोंड दुमडलं, दोरा बांधला. हुबेहूब बिडी. ती तिने डोमाजीच्या कानामागे खोचली.

"हे घे तुहं तिकीट. तोंडात धर आन् बस. पेटवलं तं घरी येऊ नोको."

मॅनेजर साहेबांकडे मी गेलेच. ते म्हणाले, "सिस्टर, बिडी ही त्यांची तलफ आहे, ती मी बंद करू शकत नाही. पण फुकट बसायला मी कोणाला पगार देत नाही." मी म्हटलं, ठीक आहे. मग डोमाजी रोज झाडाखाली न पेटवलेली बिडी ओठांत धरून बसू लागला. चार दिवसांत शालिक त्याच्या शेजारी बसलेला दिसला. हाताला पट्टी, तोंडात पार्बताची बिडी. मग पॉलिशवाला. मग कातरीवरचे आणखी दोघे. पार्बता हसत हसत वळून देत होती. माझं काम फक्त खिडकीतून बघणं. खोटं कशाला बोलू, मला मनापासून आनंद होत होता.

पण मुकादमाच्या लक्षात आलंच. एका दुपारी तो झाडाखाली आला.

"डोमाजी, धूर काहून नाई निंगत?"

"पेटवतो जी. घाई काय हाये?"

मुकादमाने काडी ओढली आणि डोमाजीच्या तोंडापुढे धरली. "पेटव."

मी खिडकी सोडून धावत बाहेर आले. डोमाजीने जळत्या काडीकडे पाहिलं, मग मुकादमाकडे.

"डॉक्टरनं सांगतलं, बिडीनं मरशीन. तुमी सांगता पेटव. मंग तुमच्याच हातानं पेटवा, मुकादम. मेलो का पार्बताले सांगाले बरं, कोनं पेटवली ते."

काडी मुकादमाच्या बोटापर्यंत जळत आली. त्याने ती फेकली आणि तरातरा ऑफिसात गेला.

संध्याकाळी मला मॅनेजर साहेबांचं बोलावणं आलं.

"सिस्टर, तुम्ही कामगारांना फसवणूक शिकवता?"

"साहेब, बिडी पेटवून बसला तर कामगार, आणि न पेटवता बसला तर चोर? हा कुठला न्याय?"

"मला उलट उत्तरं नकोत."

"मग सरळ सांगते. पेटवणारे छाती धरून माझ्याकडे येतात, न पेटवणारे बोटं घेऊन येतात. तुम्हाला कोणते पाहिजेत ते सांगा, त्याप्रमाणे औषधं मागवते."

साहेब लाल झाले. "उद्यापासून बिडीची सुट्टी बंद. सगळ्यांची! झाडाखाली कोणी दिसता कामा नये. आणि तुम्ही दुसरी नोकरी शोधा."

"तुम्ही काढा, मी शोधणार नाही," मी म्हणाले आणि दवाखान्यात येऊन उद्यासाठी सुया उकळायला ठेवल्या. 

इथे साहेब चुकले. नुसत्या डोमाजीला हुसकावलं असतं तर बिडीवाले हसून गप्प बसले असते, कारण त्यांची सोय शाबूत होती. आता त्यांचीही गेली. आणि कारखान्यातला सगळ्यांत अट्टल बिडीबाज कोण? सदाशिव मुकादम.

दुसऱ्या दिवशी दुपारी भट्टीवाल्यांनी मुशीतलं पितळ साच्यात ओतलं, सांडशा ठेवल्या आणि बाहेर आले. कातरीवरचे आले, प्रेसवाले आले. सगळ्यांत पुढे डोमाजी, ओठांत तीच बिनतंबाखूची बिडी. झाडाखाली सगळे मांडी घालून बसले. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. छपराखाली इतकी शांतता झाली की हायवेवरचे ट्रक ऐकू येऊ लागले. मीही जाऊन त्यांच्यात बसले. मला तर काढायचंच ठरलं होतं, मग कशाला उभी राहू?

मुकादम दारात उभा राहून बघत होता. सकाळपासून बिडी मिळाली नव्हती, चेहरा पार उतरला होता. शेवटी तो आला, एका अंगाला टेकला आणि म्हणाला, "माह्याजवळ माचिस आहे, कोनाले लागन तं."

नाक दाबलं की तोंड उघडतं. मालक शेठ त्याच दिवशी कारखान्यावर येऊन थडकले. भट्टी थंडावली तर पुन्हा तापवायला किती कोळसा लागतो, ते शेठना पाठ होतं. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही पाळ्यांत घंटा वाजू लागली. घंटेला सगळ्यांनी मशीन थांबवायचं, पाणी प्यायचं, बसायचं. कोणी काय ओढतो की नाही, ते विचारायचं नाही. मला काढायचं राहूनच गेलं. साहेबांनी माझ्याशी बोलणं सोडलं, तेवढी शांतता लाभली.

बोटं चेंगरणं बंद झालं का? नाही. कमी झालं. बिड्या सुटल्या का? काहींच्या सुटल्या, मुकादमाची शेवटपर्यंत सुटली नाही. पण न पिणारी नवी पोरं निदान बसण्यासाठी बिडी शिकेनाशी झाली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला एकच कळलं. तेल कमी करा, मीठ कमी करा, चाला, हे सांगायला सोपं. माणसाला दोन घटका बसायला कारण द्यावं लागत असेल, तर तिथे हृदयाच्या गोष्टी सांगून काही उपयोग नाही.

मी रिटायर झाल्यावर एके दिवशी डोमाजी शहापूरहून भंडाऱ्याला माझ्या घरी आला. चालत. केस पिकलेले, अंग सडसडीत. अंगणात खाटेवर टेकला आणि माझी नजर त्याच्या कानामागे गेली. तिथे बिनतंबाखूची बिडी होती.

"डोमाजी, आता रे कशाला?"

तो ओशाळून हसला. "सवय, जी. रस्त्यानं झाडाखाली बसलो अन् कोनी इचारलं काहून बसला, तं दाखवाले पाहिजे ना काही."

मला राग आला. उठले, ती बिडी त्याच्या कानामागून काढली आणि चुलीत टाकली. मग त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

"बस," मी म्हणाले. "जोवर वाटेल तोवर बस. कोणी विचारलं तर म्हणावं, दमलो होतो."

तो संध्याकाळपर्यंत बसला.