दहा आकड्यांचं फाटक

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर रविवारी सकाळी माझं एक टिपण पडतं. आठवड्याभरात तंत्रज्ञानाच्या दुनियेत काय घडलं आणि त्यावर माझं मत काय, असा मामला. मत कोणी विचारलेलं नसतं. पण वीस-एक वर्षं प्रोग्रामिंग केल्यावर माणसाकडे दोनच गोष्टी साठतात, पाठदुखी आणि मतं. पाठदुखी घरच्यांना ऐकवून झाली की मतं सोसायटीला.

एखादी कंपनी हजारो माणसांना घरी बसवते आणि त्याच पत्रात 'आपलं कुटुंब' असा शब्द घालते, तेव्हा मी लिहितो, 'असं कुटुंब वैऱ्यालाही न मिळो.' फ्रिजमध्ये कृत्रिम बुद्धिमत्ता आल्याची बातमी येते, तेव्हा लिहितो, 'आमच्या फ्रिजने मागे सरकवलेली परवाची आमटी दाखवली तरी भरून पावलो.' माझा आवडता मुद्दा एकच. हे कंपनीवाले आपल्याला माणूस धरत नाहीत, भरायचा रकाना धरतात. हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलंय की बायको म्हणते, आता त्याचा शिक्का करून घ्या. पण लोकांना आवडतं. टाळ्यांची चित्रं पडतात, आणि मीही चहा पिता पिता ती मोजतो. खोटं कशाला बोलू.

तर हा असा मी, आणि आमच्या फाटकाचं ॲप मीच केलंय.

आमची सोसायटी अंबरनाथ पश्चिमेला, स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर. फाटकावर पूर्वी एक जाड वही असे, तिला दोरीने पेन बांधलेलं. नाव, कोणाकडे, फोन, सही. बी विंगच्या जिन्याखालून दोन सायकली गेल्या आणि कमिटीला एकदम सुरक्षेची आठवण झाली. बाहेरच्या कंपनीचं ॲप घ्यायचं ठरत होतं. मी भर मीटिंगमध्ये उभा राहिलो. म्हटलं, घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला? दोन शनिवार-रविवारात करून देतो.

करूनही दिलं. वॉचमनच्या हातात एक फोन, त्यावर चार रकाने. चारही बंधनकारक, शेजारी लाल चांदणी. फोन नंबर बरोबर दहा आकडी हवा, नाहीतर ॲप पुढे सरकत नाही. लोक कशी पळवाट काढतात हे मला पक्कं ठाऊक, कारण ती मीच काढतो. कुठलंही ॲप तपासताना मी दहा वेळा नऊ दाबून मोकळा होतो. आमचा सगळा धंदाच त्या दहा नवांवर चाललाय. म्हणून मी एक खास व्यवस्था केली. एकच आकडा दहादा टाकला तर नंबर खोटा धरायचा. सेक्रेटरी म्हणाले, 'वा! चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक.' मी हसलो. खूश झालो होतो.

ॲप चालू व्हायच्या आदल्या दिवशी बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं होतं, 'मावशींकडे फोन नाहीये. त्यांचं कसं?'

मावशी म्हणजे आमच्याकडे चामटोलीहून भाजी घेऊन येणारी बाई. बारा वर्षं येत होत्या, बुधवारी आणि शनिवारी. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, आणि पाटीत जे शेतात असेल ते. पावसात टाकळा, थंडीत वालाच्या शेंगा. आमच्या दारात बसून चहा घेत. कुणाला मधुमेह, कुणाकडे पाहुणे, सगळं त्यांना माहीत, त्याप्रमाणे जुड्या आधीच बाजूला काढलेल्या. माझी आई शेवटी अंथरुणावर होती, तेव्हा तिला लाल माठाशिवाय काही जात नव्हतं. त्या दिवसांत ह्या बाईंनी आपला वार नसतानाही नुसता माठ द्यायला फेऱ्या मारल्या होत्या. जुन्या वहीत त्यांच्या ओळीवर नाव म्हणून 'भाजी' एवढंच असे, आणि फोनच्या रकान्यात आडवी रेघ. वहीत रेघ मारता येते. माझ्या ॲपला रेघ चालत नव्हती.

बायकोला मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. 'अगं, एखाददुसरा अपवाद असतोच. बघतो नंतर.'

श्रावणात ॲप चालू झालं आणि मावशी यायच्या थांबल्या. पहिला आठवडा वाटलं, शेतीची कामं असतील. मग गणपती आले, तरी मावशी नाहीत. बायको एकदा म्हणाली, 'आजारी तर नसतील ना? आपल्याकडे त्यांचा नंबरही नाही.' नंबर नाही हे वाक्य माझ्या समोर, माझ्याच घरात उच्चारलं गेलं, आणि माझ्या डोक्यात काहीही पेटलं नाही. कारण माझ्याकडे उत्तर तयार होतं. त्याच सुमारास दहा मिनिटांत घरपोच भाजी देणाऱ्यांच्या बातम्या रोज येत होत्या. फाटकातून त्यांच्या पिशव्या ढिगाने आत येत होत्या. डिलिव्हरीवाल्यांना दहा आकडी नंबर असतो.

मी लिहिलं. मथळा, 'आपल्या भाजीवाल्या मावशींना कोणी घालवलं?' आजवरचं सगळ्यात गाजलेलं टिपण. बड्या कंपन्यांना सोललं, शेजाऱ्यांच्या आळसाला चिमटे काढले, चुंबळीचं वर्णन केलं, आईच्या लाल माठावर शेवट केला. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, डोळ्यांत पाणी आलं. मग ते सोसायटीच्या स्मरणिकेत छापून आलं, माझ्या फोटोसकट. फोटोत मी हनुवटीला हात लावून बसलोय. तो अंक आता मी वर माळ्यावर टाकलाय, पण इतर घरांतल्या प्रती कुठून गोळा करणार?

दिवाळीच्या आधी माझ्या लॅपटॉपचा चार्जर गेला. चार्जर म्हटलं की उल्हासनगर, तिथे सगळं मिळतं. दुकानदार सिंधी काकांनी 'ले जाओ साईं, ओरिजिनल से भी अच्छा' असं म्हणत एक हातात ठेवला. तो घेऊन बाहेर पडलो तर चार दुकानं सोडून, बंद शटरपुढच्या पायरीवर मावशी बसलेल्या. पुढ्यात पाटी. आधी ओळखलंच नाही. त्यांना मी बसलेलं पाहिलं होतं ते आमच्या दारात, चहाचा कप हातात असताना.

'अगो बाय, दादा!' त्याच आधी म्हणाल्या. 'घरी समदी बरी हाईत ना?'

मी म्हटलं, 'मावशी, तुम्ही येणंच बंद केलंत. आम्हाला वाटलं, लोक ॲपवरून भाजी मागवतात म्हणून...'

'नाय ओ. मी आलती ना. चार येळा आलती.' त्यांनी बोटं दाखवली. 'त्यो नवा वॉचमन सोडत नाय. बोलला, नंबर सांगा. मना कुठला नंबर? बोलला, मग मशीन घेत नाय. त्याचा तरी काय दोष? माझ्यासमोर दाबून बघितलं त्यानं. लाल लाल येतंय.'

'वर कोणाला हाक मारायची. माझ्या नावाने.'

'मारली ना. सेक्रेटरीसायब बोललं, शिष्टीम हाय, आपल्या हातात नाय.'

मी तिथे रस्त्यात उभा होतो. रिक्षावाले भोंगे वाजवत होते. मावशी आपल्या गुडघ्यावरून हात फिरवत सांगत होत्या, इथे दिवसभर बसून पाय धरतात, दुकान उघडलं की उठावं लागतं, आणि इथे कोणी ओळखत नाही, भाव पाडून मागतात. तक्रारीचा सूर नव्हता. मग एकदम काही सुचल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

'दादा, तुमी कम्प्युटरमंदीच हाव ना? त्या मशीनच्या कंपनीवाल्याला तुमी वळखत आसाल. सांगा ना त्याला. बोला, एक म्हातारी हाय, तिला सोडा.'

तिथेच सांगायला हवं होतं. मावशी, तो मीच. एवढे तीन शब्द. मी म्हणालो, 'सांगतो.'

घरी येऊन कोड उघडला. मी कोडमध्ये स्वतःसाठी शेरे लिहून ठेवतो, इंग्रजी लिपीत पण मराठीत, कारण ते दुसरं कोणी वाचणार नसतं. फोनच्या रकान्याच्या बरोबर वरती माझाच शेरा होता: 'फोन नसलेले लोक? नंतर बघू.' तारीख ॲप चालू व्हायच्या आदल्या दिवसाची. म्हणजे मला माहीत नव्हतं, असंही म्हणायची सोय उरली नाही. मला सुचलं होतं, ते मी नीट नोंदवलं होतं, आणि पुढे निघून गेलो होतो. ज्या कंपन्यांना मी दर रविवारी शिव्या घालतो त्यांच्या कोडमध्येही असेच शेरे असणार. ते लिहिणारी माणसंही घरी आईची आठवण काढत असतील.

दुरुस्तीला चहा गार व्हायलाही वेळ लागला नाही. 'बंधनकारक' हा एक शब्द खोडला, बस्स. अडीच महिने एक बाई उन्हात पायरीवर बसली ती त्या एका शब्दापायी. बायकोला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं चिडेल. ती फक्त म्हणाली, 'मी विचारलं होतं तुम्हाला,' आणि भांडी घासायला लागली. चिडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा उल्हासनगरला गेलो, ह्या वेळी चार्जरचं निमित्त न काढता. मावशींना सांगितलं, बुधवारी या, काम झालंय. ग्रुपवर मात्र काही टाकलं नाही. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. सेक्रेटरींना एवढंच कळवलं, 'छोटा बदल केलाय.' आमच्या धंद्यात मोठ्या लाजेला हेच म्हणतात.

बुधवारी अकराच्या सुमारास बेल वाजली. मावशी दारात, पाटी उतरवून. वॉचमनने नुसतं 'भाजी' लिहून सोडलं होतं. त्या खालून वर येताना सगळीकडे थांबल्या होत्या, पण पाटी बरीचशी भरलेलीच होती. निम्म्या घरांना आता दहा मिनिटांची सवय लागली आहे. तळमजल्यावरच्या काकूंनी, ज्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आतूनच सांगितलं, आज नको. मावशी ते हसत सांगत होत्या. बायकोने चहा दिला, आणि पाटीतलं निम्मं तिने मुकाट्याने आमच्याकडेच उतरवून घेतलं.

'दादांनी शब्द पाळला,' मावशी बायकोला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, जरा आवाज खाली आणून, 'काय बोललाव त्या कंपनीवाल्याला?'

बायको दारातच उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि बघतच राहिली.

'म्हटलं, लाज वाटत नाही का,' मी म्हणालो.

'मग? त्यो काय बोलला?'

'काही नाही बोलला.'

मावशींनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा पडला, जणू कोणाला उगाच मार बसला असावा.

'येवढं कशाला बोललाव ओ,' त्या म्हणाल्या. 'त्याला बिचाऱ्याला काय ठावं, मी कोन हाय ते. वळखीचा आसता तर त्यानं आसं केलंच नसतं.'

आणि त्यांनी पाटीच्या तळातून, फडक्यात गुंडाळून आमच्यासाठी वेगळी ठेवलेली लाल माठाची जुडी काढून माझ्या हातात दिली. मी ती घेतली.