प्रधानसाहेबांचा ड्रायव्हर

माझे सासरे दूध तापवायच्या आधी त्याचा वास घेत, भाजीवाल्याच्या तराजूखाली वाकून बघत आणि कुलूप लावलं की दोनदा ओढून पाहत. मग मला म्हणत, "तू पण एकदा ओढ." गल्लीत त्यांचं नाव 'गुप्तहेर' पडलं होतं. लग्न होऊन आले तेव्हा माहेराहून आलेल्या माझ्या पिशव्यासुद्धा त्यांनी चाचपल्या होत्या. त्याचा राग मला अजून येतो.

उभी हयात त्यांनी सम्राटाच्या प्रधानांची गाडी चालवली. दरबार भरला की साहेब आत आणि हे बाहेर गाडीत. युद्ध हरल्यावर दरबार मोडला आणि लढाईचं सगळं खापर प्रधानांच्या माथी फुटलं. त्याचे तुकडे आमच्याही दारात पडले. 'त्या खुन्याचा ड्रायव्हर' असं लोक तोंडावर म्हणत.

माझा नवरा मात्र साहेबांची बाजू घेऊन भांडायचा. ऐन भरतीच्या वयात साहेबांनी त्याला दरबारच्या गॅरेजात चिकटवलं होतं, म्हणून तो वाचला. त्याचा धाकटा भाऊ लढाईवर गेला तो परत आला नाही. "साहेबांसारखा माणूस होणे नाही," हे नवऱ्याचं पालुपद. ते सुरू झालं की सासरे हात धुवायच्या निमित्तानं उठून जात. कोरडे, स्वच्छ हात! माझ्या मनात पाल चुकचुकायची. साहेबांच्या कुठल्यातरी पापात म्हातारा वाटेकरी असणार, असं मी धरूनच चालले होते.

एके दिवशी दुपारी एक प्राध्यापक आले. प्रधानांवर ते नवं पुस्तक लिहीत होते. त्यांचं म्हणणं, प्रधान युद्धाच्या विरोधात होते. दरबारानं त्यांना अंधारात ठेवलं आणि घोषणेच्या दिवशीच त्यांना सगळं कळलं. माझ्या नवऱ्याला आकाश ठेंगणं झालं. इतक्या वर्षांची बदनामी धुऊन निघणार होती, फक्त बाबांनी होकार भरायचा होता. त्यानं मला ठेवणीतले कप काढायला लावले. मला तो प्राध्यापकही जरा जास्तच गोड वाटला.

सासऱ्यांनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. "कोणी पाठवलं तुम्हाला?"

"कोणी नाही, आजोबा. फक्त त्या दिवसाचं सांगा. साहेब बाहेर आले तेव्हा कसे दिसत होते?"

"आत काय शिजलं ते मला काय माहीत? मी गाडीत."

"सांगा की, बाबा," नवरा अजिजीनं म्हणाला. "साहेबांना काहीच माहीत नव्हतं ना?"

सासऱ्यांनी कप बाजूला सरकवला.

"माहीत नव्हतं? घोषणा व्हायच्या कितीतरी आधी ते माझ्याकडे गॅरेजात आले. म्हणाले, 'भरती निघणार आहे, कुठे बोलू नकोस. तुझा एक मुलगा मी दरबारच्या नोकरीत घेतो. एकच जमेल.' युद्ध थांबेल असं वाटत असतं, तर माझं पोर लपवायला कशाला आले असते?"

"पण आत त्यांनी विरोध केला असेल," प्राध्यापक हळूच म्हणाले.

"केला असेल. नसेलही. मला साहेब म्हणजे देव होते हो. त्या दिवसापासून मी कोणाच्याच शब्दावर जात नाही."

प्राध्यापक लिहायचे थांबले होते. मी नवऱ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, आता हा साहेबांना शिव्या घालणार. पण साहेब त्याच्या डोक्यात नव्हतेच.

"बाबा, तुम्ही माझंच नाव का सांगितलं?"

मला म्हाताऱ्याची पहिल्यांदाच कीव आली. थोरल्यावर जास्त जीव होता, एवढं तरी म्हणा, असं मी मनातल्या मनात विनवत होते. खोटं का असेना.

"तू पलीकडे गाडीची चाकं धूत होतास," सासरे म्हणाले. "तो पोहायला गेला होता."